खिशांतील जुना चाकू : संग्रह कीं साठा?

जुन्या वस्तू जमविण्याची हौस मनुष्यास बाळपणींच लागते. प्रथम गारगोट्या व पिसें, मग तिकिटें, मग नाणीं, असा तिचा क्रम असतो. आठवडी बाजारांत, भंगाराच्या ढिगांत किंवा आजोबांच्या पेटींत हाडाच्या मुठीचा एखादा मिटता चाकू हातीं लागला, म्हणजे त्याविषयींही तितकेंच कुतूहल उत्पन्न होतें. अशा चाकूंचा संग्रह करावा कीं नाहीं, आणि केल्यास तो कोणत्या रीतीनें करावा, ह्याविषयींचें आमचें मत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. तें मत थोडक्यांत असें कीं, हा छंद चांगला आहे. परंतु ज्या चाकूची हकीकत लिहून ठेविलेली नाहीं, तो चाकू संग्रहांत नव्हे, नुसत्या साठ्यांत जमा झाला असें समजावें.

हा छंद हिंगोलीकरांस परका वाटण्याचें कारण नाहीं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला असला, तरी हिंगोली गांवाची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. निजामाच्या राज्यांतील हैदराबाद कंटिन्जंट ह्या फौजेची येथें छावणी होती, व ती १९०३ पर्यंत टिकली. कापसाच्या मोठ्या पेठांतही ह्या गांवाची गणना होत असे. छावणी आली म्हणजे साहेब आले, व साहेबांबरोबर त्यांचें सामानसुमान आलें. पेठ आली म्हणजे अडत्ये आले, मुनीम आले, आणि मुनिमांच्या मागोमाग बोरू व कलमतरास आला.

कलमतरास हा शब्द आतां बहुतेकांच्या विस्मरणांत गेला आहे. बोरूचें टोक तिरकें छाटावें, पोटाकडून तासून त्यास जीभ काढावी, जिभेला मधोमध चीर द्यावी व शेवटीं टोक एका घावांत कलम करावें, ह्या कामासाठीं जो लहान धारदार चाकू लागे तो कलमतरास. मोडी लिहिणाऱ्या कुळकर्ण्यास तो लागे. निजामी राजवटींत दप्तराची भाषा आधीं फारसी व पुढें उर्दू होती, तेथील मुन्शी लोकांसही तो लागे. इंग्रजींत खिशांतील चाकूस पेननाइफ म्हणतात, त्याचेंही कारण हेंच. तेथें लेखणी पिसाची होती, एवढाच काय तो फरक. खिशांतील चाकू हा असा प्रथमपासून अक्षराचा सोबती आहे. त्यास केवळ शस्त्र समजून नाक मुरडणाऱ्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत घ्यावी.

आतां परीक्षेकडे वळूं. चाकूची परीक्षा मुठीपासून करावी. मूठ पांढरी किंवा पिवळसर दिसली कीं ती हस्तिदंताची, असें म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु त्यांतील पुष्कळशा मुठी गुराच्या नळीच्या हाडाच्या असतात. हें हाड सरळ व जाड असल्यामुळें मुठीच्या फळ्या काढण्यास सोयीचें पडतें. साधें भिंग घेऊन पाहिलें असतां हाडावर बारीक काळसर ठिपके व तुटक रेघा दिसतात. जिवंतपणीं हाडास रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म नलिकांच्या त्या वाटा होत. त्यांत हाताचा मळ बसून त्या काळ्या पडतात. हस्तिदंतांत असे ठिपके नसतात. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक कमानदार रेघांची जाळी दिसते. सांबराच्या शिंगाची पाठ खडबडीत व तपकिरी असते. पण येथें फसगत होण्याचा संभव आहे, कारण शिंगाची नक्कल करण्यासाठीं हाडावर मुद्दाम खांचा पाडून त्यास रंग देण्याची रीत कारखान्यांत होती. सेल्युलॉइड ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बाजारांत आलेली कृत्रिम वस्तु. तिच्यावरील रेघा फार सरळ व फार सारख्या असतात, आणि बोटानें जोरानें घासल्यास कापराचा वास येतो. तापलेली सुई टोंचून मूठ तपासण्याचा उपाय कोणी सांगितल्यास तो कदापि करूं नये. सेल्युलॉइड भडकन् पेटतें, आणि हाडावर कायमचा डाग पडतो.

मुठीनंतर पातें पाहावें. पात्याच्या बुडाशीं, जेथें तें मुठींत शिरतें तेथें, कारागिराची किंवा पेढीची खूण असते. इंग्लंडांतील शेफील्ड शहर ह्या धंद्यासाठीं प्रसिद्ध होतें. तेथील चाकूकारांचा संघ १६२४ सालीं पार्लमेंटाच्या कायद्यानें स्थापन झाला, व खुणांची नोंद ठेवण्याचें काम त्याजकडे होतें. त्या शहरांतील जोसेफ रॉजर्स आणि सन्स ह्या पेढीची तारा व माल्टी क्रूस ही जोडखूण, आणि जॉर्ज वॉस्टनहोम ह्या पेढीची ‘आय एक्स एल’ हीं अक्षरें, चाकूंच्या जाणकारांस चांगलीं परिचित आहेत. कांहीं पात्यांवर राजमुकुट व राजा किंवा राणी ह्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें असतात, त्यांवरून राजवट कळण्यास मदत होते. अमेरिकेनें १८९० सालच्या जकातीच्या कायद्यानें आयात मालावर देशाचें नांव घालण्याची सक्ती केल्यानंतर पात्यांवर देशाचें नांव अधिकाधिक दिसूं लागलें. न गंजणारें पोलाद शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यानें १९१३ सालीं तयार केलें. तेव्हां ज्या पात्यावर ‘स्टेनलेस’ हा शब्द कोरलेला आहे तो चाकू त्या सालापूर्वींचा असणें शक्य नाहीं, मग विकणारा तो छावणीच्या काळचा म्हणून कितीही शपथा घेवो.

येथें तर्कशास्त्राचा एक धडा आपोआप मिळतो. खुणेवरून चाकू अमुक सालापूर्वींचा नाहीं असें निश्चित म्हणतां येतें. पण ती खूण नाहीं म्हणून तो त्या सालापूर्वींचाच, असें म्हणतां येत नाहीं. साधें पोलाद १९१३ नंतरही पुष्कळ वर्षें वापरांत होतें. शिवाय नामांकित खुणेची नक्कल करणें हा जुनाच उद्योग आहे. हिंदुस्थानांत खोटी व्यापारी खूण व मालाचें खोटें वर्णन ह्यांविरुद्ध १८८९ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला, ह्यावरून त्या उद्योगाची भरभराट केवढी असेल ह्याचें अनुमान करावें. म्हणून मूठ, पातें, पाठीमागील कमान, रिपिटा व खूण हे पांचही साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तरच विश्वास ठेवावा. पातें जुनें, कमान नवी व रिपिटा चकचकीत, असा चाकू कोणीतरी दोन चाकूंचा एक केलेला असतो. अशी दुरुस्ती हा कांहीं अपराध नव्हे. ती लपविणें हा मात्र अपराध होय.

परंतु ह्या सर्व परीक्षेनें एक दोष उत्पन्न होतो, आणि आमचा मुख्य आक्षेप त्यावर आहे. खूण वाचतां येऊं लागली कीं संग्राहकाची दृष्टि खुणेलाच चिकटते. ज्या चाकूवर परदेशी पेढीचें नांव तो मोलाचा, व ज्यावर कांहींच नांव नाहीं तो भंगारांत टाकण्याजोगा, असा न्याय सुरू होतो. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. आपल्या गांवच्या लोहारानें किंवा गाडीवर संसार घेऊन फिरणाऱ्या घिसाड्यानें बनविलेल्या चाकूवर नांव नसतें, कारण त्याच्या गिऱ्हाइकास तें सांगण्याची गरज नव्हती. ज्याच्या भात्यापाशीं बसून चाकू घडवून घेतला, त्याचें नांव पात्यावर कशाला हवें? तेथील अनामिकता हा कारागिराचा कमीपणा नसून ओळखीच्या समाजाची खूण आहे.

आणि पोलादाच्या बाबतींत तर आपण इतकें दबून जाण्याचें कांहींच कारण नाहीं. आपल्या शेजारच्या तेलंगणांत, निजामाबाद जिल्ह्यांतील कोनासमुद्रम् येथें व निर्मळच्या भागांत, मुशींत वितळवून केलेलें पोलाद एके काळीं इतकें नांवाजलेलें होतें कीं तें विकत घेण्यासाठीं इराणचे व्यापारी तेथवर येत. यूरोपांत ह्या जातीच्या पोलादास ‘वूट्झ’ म्हणत. लंडनचा चाकूकार जेम्स स्टोडार्ट हिंदुस्थानांतून आलेल्या ह्या पोलादाचीं पातीं करीत असे, व पुढें विख्यात झालेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे ह्याच्यासह त्यानें पोलादाच्या मिश्रणांवर केलेले प्रयोग १८२० सालीं प्रसिद्ध झाले. ज्या पोलादाचें कोडें उलगडण्यासाठीं फॅरडेसारखा पुरुष भट्टीपाशीं बसला, तें आपल्या शेजारच्या भट्ट्यांतही तयार होत होतें, हें विलायती खुणेपुढें मान तुकवितांना आठवावें. गांवच्या बिननांवाच्या चाकूचें पातें त्याच पोलादाचें असेल असें मात्र कोणी समजूं नये. तसें म्हणण्यास पुरावा लागतो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, नांव नाहीं म्हणून मोल नाहीं, हा हिशेब चुकीचा आहे. संग्रहाच्या वहींत पहिलें पान गांवच्या चाकूस द्यावें, शेफील्डच्या चाकूस दुसरें.

दुसरा आक्षेप चकचकीतपणाच्या वेडावर आहे. जुना चाकू हातीं आला कीं तो वाळूकागदानें घासून, कानशीनें सारखा करून आरशासारखा करण्याकडे मुलांचा कल असतो. असें केल्यानें खूण पुसट होते, मुठीवरील हाताचा वर्ण जातो, व वर्षानुवर्षें धार लावल्यामुळें बारीक झालेल्या पात्याचा आकार नाहींसा होतो. सिकलगराच्या चाकावर किती वेळां गेला, कोणत्या बाजूनें झिजला, ह्यांवरूनच तो कोणत्या कामाचा व कोणत्या हाताचा होता हें कळत असतें. मऊ फडक्यानें धूळ पुसावी, पात्यावर यंत्राच्या तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा, एवढें पुरे. मूठ पाण्यांत बुडवूं नये व उन्हांतही ठेवूं नये. हाड दोहोंनीं तडकतें. चामड्याच्या म्यानांत चाकू कायमचा ठेवल्यास पावसाळ्यांत पातें गंजतें. तसेंच जुनें सेल्युलॉइड कुजूं लागलें म्हणजे त्याच्या आम्लवाफेनें शेजारचीं पातींही खराब होतात, म्हणून तसा चाकू वेगळा ठेवावा.

पालकांच्या शंका रास्त आहेत, त्यांस उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. पहिली शंका धोक्याची. चाकू शाळेंत आणूं नये, खिशांत घालून हिंडूं नये, व घरींही वडील माणसाच्या देखतच उघडावा; ह्यांत सवलत नाहीं. अभ्यासासाठीं चाकू बरोबर बाळगण्याची गरजही नाहीं. कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढावी, पट्टीनें मापें घ्यावीं, खुणेचें मोठें चित्र काढावें. तीं पानें शाळेंत खुशाल आणावीं. दुसरी शंका खर्चाची. ज्या मुलास आपल्या व आप्तांच्या घरांतले चार चाकू ओळखतां येत नाहींत, त्यानें पांचवा विकत घेऊं नये, हा नियम पाळल्यास खर्च फारसा उरत नाहीं. तिसरी शंका कायद्याची, व ती पुष्कळांस सुचतही नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सांबरशिंगाच्या वस्तूंच्या व्यापारास बंदी आहे, आणि १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनीं हस्तिदंताचा व्यापारही देशांत बंद झाला. गुराच्या हाडास ही बंदी लागू नाहीं. तेव्हां हाड, शिंग व दांत ह्यांतील भेद ओळखणें ही केवळ हौसेची बाब राहिली नसून नागरिकाच्या जबाबदारीची बाब झाली आहे.

घरगुती वस्तूंच्या संग्रहानें काय साधतें, ह्याचें उदाहरण महाराष्ट्रांत शोधावयास दूर जावें लागत नाहीं. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपें अशा साध्या वस्तू गांवोगांव हिंडून जमविल्या, व बालपणींच वारलेल्या आपल्या मुलाच्या नांवानें उभें केलेलें तें संग्रहालय १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. अडकित्ता म्हणजे सुपारी कातरण्याचें हत्यार. परंतु शेंकडों अडकित्ते एकत्र पाहिले म्हणजे त्यांतून एका समाजाचें आतिथ्य, कारागिरी व विनोदबुद्धि दिसूं लागते. चाकूच्या बाबतींत असें होणार नाहीं, असें कोण म्हणेल?

मात्र त्यासाठीं वही हवी. चाकू कोणाचा होता, त्यानें तो कोठून आणला, त्यानें काय कापलें, मूठ कशाची, खूण कोणती, दुरुस्ती कोणी केली, आणि हें कोणी कोणत्या दिवशीं सांगितलें, एवढीं सात उत्तरें प्रत्येक चाकूस एक पान ह्याप्रमाणें लिहावीं. ठाऊक नसेल तेथें जागा कोरी सोडावी. कल्पनेनें भरूं नये. ‘हा चाकू साहेबाचा’ असें नुसतें ऐकिलें असेल तर ‘असें आजी सांगते’ असें लिहावें. पातें शंभर वर्षें टिकतें, सांगणारी आजी टिकत नाहीं.

आपल्याकडे खंडेनवमीस घराघरांतून हत्यारें व अवजारें बाहेर निघतात, धुतलीं घासलीं जातात व पूजेस मांडलीं जातात. वर्षांतून एकदां अडगळींतला कलमतरासही त्या दिवशीं उजेड पाहतो. आमची विद्यार्थ्यांस एवढीच सूचना आहे कीं, त्या दिवशीं राख व काथ्या हातीं घेण्यापूर्वीं वही व पेन्सिल हातीं घ्यावी, आणि घरांतील सर्वांत वडील माणसाशेजारीं बसावें.