फिशटँक घासू नका, आधी पाणी मोजा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण मुलांसाठी फिशटँक घ्यायचा विचार असेल, किंवा घरातल्या टँकचं पाणी दुधाळ झालं असेल, तर शेवटपर्यंत वाचा. माझं मत सरळ आहे: नव्या टँकमधले मासे आजारापेक्षा आपल्या घाईने आणि स्वच्छतेच्या हौसेने जास्त मरतात.

आमचंच सांगते. लेकीच्या आठव्या वाढदिवसाला इथे लंडनजवळ ६० लिटरचा टँक आणला. शनिवारी टँक, रविवारी सहा मासे. बुधवारी पाणी ताकासारखं. मग मी तेच केलं जे तुमच्या-माझ्या आईने केलं असतं. सगळं पाणी ओतून दिलं, खडे चोळून धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून लख्ख केला. शुक्रवारी दोन मासे उलटे तरंगत होते. दुकानात गेले तर एक औषधाची बाटली मिळाली. पाणी तपासलंत का, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

मी सीए आहे. ट्रायल बॅलन्स जुळला नाही म्हणून कुणी वह्या फाडून टाकत नाही, नोंदी तपासतं. हे शहाणपण टँकपाशी कुठे गेलं होतं कोण जाणे!

हिशेब असा आहे. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विषच. नायट्रेट थोडं असेल तर चालतं, पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात राहतात आणि त्यांची वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मी नळाखाली धुतलं ते नेमकं त्यांचं घर. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, जे जिवाणूंनाही मारतं आणि माशांच्या कल्ल्यांनाही इजा करतं.

म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे:

१. आधी टेस्ट किट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. ज्यांच्या केटलमध्ये पांढरा थर बसतो त्यांनी जास्त जपा. अशा पाण्याचा पीएच सहसा जास्त असतो आणि जास्त पीएचला अमोनिया अधिक विषारी होतो.

२. आकडा वर असेल तर चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा पाणी बदला, गरज पडली तर रोज. नवं पाणी तितकंच कोमट आणि डीक्लोरिनेटर घातलेलं. सगळं पाणी एकदम कधीच नाही.

३. स्पंज धुवायचाच तर टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा.

४. एक-दोन दिवस खाणं बंद ठेवा. मोठे मासे उपाशी मरत नाहीत.

५. नव्या टँकची दुधाळ छटा बहुधा जिवाणूंच्या अचानक वाढीची असते, आपोआप निवळते. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ. ऊन आणि दिवा कमी करा.

६. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील तर औषध नको, पाणी तपासा. अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके दिसले तर तो व्हाइट स्पॉट. त्याला औषध लागतंच, आणि तेही अख्ख्या टँकला.

आता खरा मुद्दा. दोन मासे मेले तेव्हा नवरा म्हणाला, "ती शाळेतून यायच्या आत तसेच दोन आणून टाकू." मीही गाडीची किल्ली उचलली होती. मग थांबले. आपण परदेशातले आईबाप यात पटाईत आहोत. रात्री गावाकडून फोन येतो, सकाळी एक जण विमानात बसतो आणि मुलांना सांगतो, ऑफिसचं काम निघालं. माशांपासूनच खरं सांगायला शिकलो तर काय बिघडलं?

सांगितलं. लेकीने विचारलं, "आई, तू धुतलंस म्हणून मेले?" म्हटलं, हो. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. ती रडली. मग एक वही काढली आणि रोजचे आकडे लिहू लागली. पाचव्या आठवड्यात दोन्ही रकान्यांत शून्य आलं. उरलेले चार मासे अजून आहेत.

"टँक मुलीचा आहे, तिनेच बघावं" असं म्हणणाऱ्यांसाठी: इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि मुलाच्या प्राण्याची जबाबदारी पालकावरच येते. मासेही त्यात आले. मला हे योग्यच वाटतं.

शेवटचं. उन्हाळ्यात महिनाभर भारतात जाणार असाल तर मे-जूनमध्ये टँक सुरू करू नका. जुना असेल तर शेजाऱ्यांना डबा देऊ नका, ते प्रेमाने मूठभर टाकतात. गोळ्यांच्या डबीत रोजचा चिमूटभर हिस्सा मोजून ठेवा.

टँक आधी आणा, मासे महिन्या-दीड महिन्याने. वाढदिवसाला रिकामा टँक आणि एक वही द्या. मूल कुरकुरेल, पण थांबेल.