आधी सामान, मग टेबल

१४ डिसेंबर २०२३ ची रात्र. मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहण्यासाठी चार विद्यार्थी, मी आणि ड्रायव्हर असे आम्ही नागपूरहून रामटेककडे निघालो होतो. चंद्र लवकर मावळणार होता, आकाश निरभ्र होते. गाडीच्या मागच्या भागात वळकट्या, स्टोव्ह, दुर्बीण आणि सर्वांत वर मी स्वतः बनवलेले घडीचे टेबल. मनसर जवळ आले आणि एक गाय रस्त्यात आली. ड्रायव्हरने बरोबर वेळेवर ब्रेक दाबला. गाय वाचली. टेबल मात्र वळकट्यांवरून घसरत बाकाच्या पाठीवरून पुढे आले आणि त्याचा कोपरा एका मुलाच्या खांद्यावर आदळला. आणखी चार बोटे बाजूला असता तर तो डोक्यात बसला असता.

चूक ड्रायव्हरची नव्हती, गायीचीही नव्हती. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने न्यूटनचा पहिला नियम फक्त फळ्यावर लिहिला होता, गाडीत पाळला नव्हता.

विद्यार्थी मित्रहो, आता थोडे गणित करू या. माझे टेबल ६ किलोग्रॅमचे. जोरात ब्रेक दाबला की गाडीचे ऋण त्वरण साधारण ७ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. टेबलालाही तितकेच थांबवायचे तर ४२ न्यूटन बल हवे. ते कोण देणार? बांधलेले नसेल तर फक्त घर्षण. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर घर्षणबल होते सुमारे १८ न्यूटन. म्हणजे टेबल घसरणारच; त्यात नशिबाचा काही संबंध नाही. आता ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असे समजा. ऋण त्वरण येते १०० मीटर प्रति सेकंद वर्ग. त्या टेबलाला धरून ठेवायला ६०० न्यूटन लागतील, म्हणजे एक मोठा माणूस उचलण्याइतके बल. हाताने धरून बसू, असे म्हणणाऱ्याने हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

म्हणून माझे मत असे झाले आहे की गाडीतून न्यायचे टेबल हे आधी सामान आहे आणि मग टेबल. ते उघडे राहते दोन-तीन तास. बाकीचा सगळा काळ ते मिटलेल्या अवस्थेत असते. तरी आपण रचना करतो ती उघड्या टेबलाची, आणि घडीचा विचार शेवटी उरतो. मी दुकानांत पाहिलेल्या टेबलांना पेला ठेवायला भोक होते, पण पट्टा अडकवायला कडी एकालाही नव्हती!

जुन्या काळी हा क्रम लोकांना ठाऊक होता. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. इथले अधिकारी हिवाळ्यात तंबू घेऊन महिनोन् महिने दौऱ्यावर असत. सामान बैलगाडीवर. अशा मुक्कामांसाठी जे लाकडी सामान बनत असे, त्यातल्या टेबलांचे पाय पुष्कळदा आटे पाडून बसवलेले असत. फिरवले की सुटत. रूडकी इथल्या लष्करी इंजिनिअरांच्या नावाने ओळखली जाणारी खुर्ची तर पाहण्यासारखी आहे. तिला सरस नाही की खिळा नाही. आडव्या दांड्यांची निमुळती टोके पायांच्या निमुळत्या भोकांत बसतात आणि वर कापड ताणले जाते. माणूस बसला की सांधे आपोआप घट्ट होतात, आणि जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. सांधे सुटे ठेवण्यातला हा शहाणपणा मला फार आवडतो. मात्र टेबलावर माणूस बसत नाही, त्यामुळे ही युक्ती जशीच्या तशी इथे चालत नाही.

मग काय करावे? आम्ही परत आल्यावर त्याच चौघांना घेऊन टेबल पुन्हा आखायला बसलो. पहिल्यांदा गाडीतली मोकळी जागा मोजली. तिच्यात ६० बाय ४५ सेंटीमीटरची आणि ८ सेंटीमीटर जाडीची चपटी पेटी आडवी तळाशी बसत होती. तीच आमची मर्यादा. उघडल्यावर ६० बाय ९० चे टेबल होईल, उंची ७०. उभ्या टेबलाने व्यापलेली जागा ३७८ लिटर, मिटल्यावर २१.६ लिटर. सतरा पटींहून अधिक फरक!

पण ७० सेंटीमीटरचे पाय ६० सेंटीमीटरच्या पेटीत कसे मावणार? एका मुलीने लगेच पायथागोरस काढला. कर्ण ७५, म्हणजे पाय तिरपे ठेवायचे. आम्ही खूश. सुताराने पेटी बनवून आणली आणि पाय आत जाईनात. चौकटीची दीड सेंटीमीटर जाडी आम्ही विसरलो होतो. आतली जागा ५७ बाय ४२, तिचा कर्ण ७०.८, आणि पायाला स्वतःलाही अडीच सेंटीमीटर रुंदी असते. तुम्ही कागदावर काढून पाहा, ६८ च्या पुढचा पाय बसत नाही. वर्गात रेषेला जाडी नसते, सुताराकडे असते. शेवटी टेबल दोन सेंटीमीटरने ठेंगणे केले. कोणाला कळतही नाही.

वजनाची गोष्ट याहून गमतीची. आधीची फळी १८ मिलिमीटर जाडीची सागवानी होती. हलकी करायची म्हणून ९ मिलिमीटरची घ्यावी, असा मोह होतो. पण फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्सा उरतो आणि चहाच्या किटलीनेही फळी वाकू लागते. त्याऐवजी ३ मिलिमीटरचे दोन पत्रे, मध्ये १२ मिलिमीटरची पोकळी आणि तिच्यात हलका भराव अशी रचना केली तर? १८ चा घन ५८३२, १२ चा घन १७२८, वजाबाकी ४१०४. म्हणजे लाकूड एक-तृतीयांश, पण ताठपणा सत्तर टक्के, अर्थात भराव दोन्ही पत्र्यांना घट्ट चिकटलेला असेल तरच. आम्ही थर्माकोल भरला. दिसायला काही खास नाही, पण फळी निम्म्याहून हलकी झाली.

डुगडुगणे हा वेगळाच रोग. चार पाय आणि फळी मिळून आयत होतो, आणि बिजागरीचा आयत बाजूला कलतो. त्रिकोण कलत नाही. त्यासाठी लाकडी तिरप्या पट्ट्या घालाव्यात तर पेटीत जागा नाही. आम्ही नायलॉनचा पट्टा लावला. पट्टा फक्त ताण सोसतो, दाब सोसत नाही, म्हणून एक पुरत नाही. दोन पट्ट्यांची फुली लागते. घडी केली की तेच पट्टे पेटीभोवती गुंडाळायचे आणि गाडीच्या तळातल्या कड्यांना ताणून बांधायचे. ही कल्पना त्या रात्री खांद्यावर मार खाल्लेल्या मुलाची!

शिक्षकांनाही एक विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखी येतो, धरण येते. ज्वालामुखीला कोणी मोजपट्टी लावत नाही. घडीच्या टेबलाला लावता येते: मिटल्यावर किती लिटर, वजन किती, मध्यभागी दहा किलो ठेवल्यावर किती मिलिमीटर वाकले, कडेला एक किलोचा ओढा दिला तर किती कलले. परीक्षकाला उगाच वाहवा करावी लागत नाही. शिवाय मुले सुताराकडे, बिछायत केंद्रात, पहाटे तर्री-पोह्याची गाडी लावणाऱ्याकडे जाऊन पाहतील. दिवसातून दोनदा टेबल उघडणाऱ्या-मिटणाऱ्या माणसाला बिजागरी कुठे झिजते हे माझ्यापेक्षा जास्त कळते.

आमच्या दुसऱ्या टेबलातही एक खोड आहे. दोन अर्ध्या फळ्यांमधल्या फटीत पेन्सिल जाते. ती बुजवायला रबरी पट्टी लावली तर पेटी दोन मिलिमीटरने जाड होते आणि वरचे झाकण लागत नाही. सध्या ते त्या चौघांकडेच सोपवले आहे.