कोयनेच्या काठाने, आजीच्या माहेराला



सहल म्हटली की आमच्या वस्तीत आधी वही निघते आणि मग पिशवी. आम्ही कारकून माणूस, जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सांगलीहून भाड्याची क्रूझर ठरवली. माणसे नऊ. डिझेल आणि भाडे मिळून होईल ती रक्कम नऊ जणांत वाटायची, पोरांचा अर्धा हिस्सा धरायचा. वहीत एक नाव मात्र फुकट होते, गल्लीतल्या आजीचे. वय पंचाहत्तरीच्या पुढे. खरे तर गाडी तिच्यासाठीच काढली होती, पण तिला तसे सांगितले असते तर ती आलीच नसती.

आजीचे माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. लग्न होऊन सांगलीला आल्यापासून ती त्या बाजूला फिरकलेली नाही. तिचा भाचा प्रकल्पग्रस्त म्हणून अर्ज करून थकला. आजीच्या वडिलांचे नाव यादीत नाही, गावाचे नावही नीट जुळत नाही, असे त्याला कचेरीतून सांगण्यात आले. म्हणून आम्ही ठरवले की आजीलाच जागेवर नेऊ. काय आठवते ते ऐकू आणि लिहून घेऊ.

पहाटे पाचला निघालो. पेठ नाक्यावर चहा, तिथून हमरस्त्याने कऱ्हाड. महाबळेश्वरला उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना या दोघी बहिणी कऱ्हाडला समोरासमोर येऊन भेटतात. तो प्रीतिसंगम पोरांना दाखवला. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. मग गाडी पश्चिमेला वळली आणि नदीच्या अंगाअंगाने वर चढू लागली.

मल्हारपेठ मागे पडले तशी हवा बदलली. पाटणला केरा नदी कोयनेला मिळते, तिथून पुढे दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात. खाचरांत भात कमरेएवढा झालेला, बांधावर तेरडा फुललेला आणि डोंगराच्या प्रत्येक घळीतून पांढरी धार खाली उतरलेली. वरच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती धुक्यातून एकदा दिसत, एकदा नाहीशी होत. पोरे मोजत होती, पण धुक्याने त्यांचा हिशेब कधी जुळू दिला नाही. आमच्या घरच्या म्हणाल्या, "एवढं हिरवं बघून डोळे दुखायला लागले." आटपाडीच्या लेकीने काय म्हणावे? त्यांच्या माहेरी वर्षाला जेवढा पाऊस पडतो तेवढा इकडे नवजाला आषाढात दोन-तीन दिवसांतही पडून जातो. एकाच खोऱ्याच्या दोन टोकांची ही तऱ्हा.

आजी खिडकीशी बसून होती, गप्प. हेळवाकला नदीचे वळण आले तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "हितनं चालत जायाचो आमी बाजाराला."

कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण समोर दिसते. १९६४ मध्ये पूर्ण झालेले हे धरण, उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरच्या वर, पाणी १०५ टीएमसी. हे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात आणि त्या उतारावर वीज होते. वीज करून झालेले पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जाते. पोरांना हे समजावताना आमच्या थोरल्याने विचारले, "मग आईच्या गावाला टँकर का येत होता?" आम्ही म्हटले, आता टेंभूचे पाणी आले आहे. पण त्याचा प्रश्न काही तेवढ्याने मिटला नाही, आणि आमचाही.

उद्यानात आजी फार रमली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप मात्र तिने पोरांना रंगवून सांगितला. फळीवरची भांडी खाली आली, माणसे अंधारात रस्त्यावर पळाली. त्या भूकंपात कोयनानगरची घरे कोसळली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरणाच्या पाण्याचा आणि त्या हादऱ्यांचा संबंध आहे, असे भूकंपशास्त्रज्ञ सांगतात. आजीचे म्हणणे एवढेच की "बुडालेलं गाव कूस बदलतंय, असं आमची आई म्हणायची." बाबासाहेबांची लेकरे म्हणून आम्ही शास्त्रज्ञांच्या बाजूचे, पण त्या माउलीला दोष द्यायचे आमच्या जिवावर आले.

मग गाडी नवजाच्या वाटेला लावली. झाडी दाट, अधूनमधून फट पडते आणि शिवसागर जलाशय दिसतो. हे सारे रान आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, २०१० पासून. एका फटीपाशी आजीने गाडी थांबवायला लावली. उतरली, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि पलीकडच्या डोंगराच्या एका सोंडेकडे बोट केले.

"त्या सोंडंच्या खाली. वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला आमी. गावाची हीर वर. आमचा पाणवठा खाली, वढ्याला. उन्हाळ्यात वढा आटला की वरच्या हिरीपाशी उभं राहायचं, कुणी वाढंल तवा घागर भरायची."

बराच वेळ ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता दोनी एकाच पाण्यात."

आम्ही वही काढली. ही वही सहलीच्या जमाखर्चाची, तिच्याच मागच्या पानावर लिहून घेतले. वडिलांच्या नावावर जमीन नव्हती, वाट्याने करत. भरपाई मिळाली ती घराची, तीही किती ते तिला ठाऊक नाही. पाणी वर येऊ लागले तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. विस्थापितांना त्या वेळी कायद्याचा आधार नव्हता. राज्याचा पुनर्वसन कायदा झाला १९७६ ला. जमीनवाल्या खातेदारांची नावे कागदावर राहिली, वाट्याने करणाऱ्याचे नाव कोण लिहिणार? हे बिऱ्हाड नातलगांच्या आधाराने सांगलीच्या पूर्वेला माळावर गेले, आणि यादी करणाऱ्यांच्या लेखी ते कुठेच गेले नाही.

गावाचे नाव जुळत नव्हते त्याचे कोडेही तिथेच सुटले. आजी सांगत होती ते वाडीचे नाव. मूळ महसुली गाव दुसरेच, आणि भाच्याने अर्जात वाडीचे नाव घातले होते. परतताना हेळवाकच्या चहाच्या टपरीवर एका वृद्ध गृहस्थांनीही तेच सांगितले.

ज्यांच्या घरात अशी प्रकरणे आहेत त्यांच्यासाठी एवढे सांगतो. सातबाऱ्यावर नाव नसले म्हणून हात टेकू नका. जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असते. तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागता येते. जुन्या शाळेचा दाखलाही उपयोगी पडतो. अर्ज करताना महसुली गावाचे नाव आणि वाडीचे नाव, दोन्ही लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र आजच विचारा.

आजीच्या धाकट्या भावाचा जन्म त्याच वाडीतला. त्याची नोंद सापडते का, यासाठी पाटणला अर्ज दिला आहे.

येताना काळोख झाला होता. पोरे एकमेकांच्या अंगावर झोपली होती. झुणका-भाकरी संपली होती, शेंगदाण्याची चटणी तेवढी उरली. कऱ्हाडच्या पुलावर आजीने ड्रायव्हरला विचारले, "मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतोय म्हणत्यात. तवा यायचं तर किती घेशील रं?"

ड्रायव्हरने आकडा सांगितला. आजी म्हणाली, "लई झालं," आणि घासाघीस पेठ नाक्यापर्यंत चालली.