अद्भुतकथा कोणाच्या हाती सोपवावी?

अभिजात अद्भुतकथेवर चित्रपट निघणार म्हटले की आपल्या धर्मग्रामांतून एक मत हटकून ऐकू येते : दिग्दर्शक आपल्या श्रद्धेचा हवा. निर्मात्यांचे मत निराळे : तो नावाजलेला हवा. मला ही दोन्ही मते सारखीच उथळ वाटतात.

जे. आर. आर. टॉल्किन हे निष्ठावंत कॅथलिक. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही आपली कृती मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनी १९५३ साली येशूसंघातील एका मित्राला कळविले होते. या कथेत अंगठीचा नाश होतो तो २५ मार्च रोजी, म्हणजे गब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या संदेशाच्या सणादिवशी. ऐन क्षणी नायक फ्रोडो हरतो. अंगठी टाकण्यास तो नकार देतो. ज्या गॉलमला त्याने पूर्वी दया दाखवून जिवंत ठेवले, तोच ती हिसकावतो आणि हर्षाच्या भरात तोल जाऊन अग्नीत पडतो. मनुष्याच्या बळाने जे झाले नसते, ते पूर्वी केलेल्या दयेमुळे, कृपेने घडते. पीटर जॅक्सन यांच्या २००३ च्या चित्रपटात मात्र फ्रोडो गॉलमशी झोंबतो आणि त्या झटापटीत गॉलम कोसळतो. कृपेच्या जागी कुस्ती आली! (सांगलीकरांना कुस्तीचे वावडे नाही, पण ती आखाड्यात.) आपल्या मुलांना पुस्तकाआधी चित्रपट भेटतो, आणि मग ही झटापटच त्यांच्या मनात कायमची बसते.

नावाजलेपणाचेही तेच. गिलेर्मो देल तोरो २०१० साली बाजूला झाल्यावर 'द हॉबिट' याच जॅक्सन यांच्याकडे आला, आणि मुलांसाठी लिहिलेले ते आटोपशीर पुस्तक तीन चित्रपटांत ताणले गेले.

उलट 'तुंबाड' पाहा. नारायण धारप यांच्या कथेवरून स्फुरलेला, २०१८ चा हा हिंदी चित्रपट. राही अनिल बर्वे यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. विषय मात्र त्यांनी अनेक वर्षे सोडला नव्हता. अखेरीस बाप लुटीचे धन पुढे करतो आणि मुलगा ते नाकारतो. लोभाचे पाप आणि त्यागाचे मोल इतके स्पष्ट मांडणारा हा दिग्दर्शक कोणत्या मंदिरात जातो, हे विचारण्याची मला गरज वाटली नाही.

सांगलीला हे शहाणपण जुने आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना तसा खेळ मराठीत व्हावा असे वाटले. बाहेरची नामांकित मंडळी न आणता त्यांनी काम सोपविले ते पदरच्या विष्णुदास भाव्यांवर. रामकथा त्यांच्या अंगी मुरलेली होती, हाती बाहुल्या घडविण्याची कारागिरी होती. १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले.

आज चित्रपटवाले साताऱ्याकडे येतात ते वाईजवळच्या मेणवलीचा घाट शोधीत; 'स्वदेस'चे चित्रण तिथेच झाले. पसरणीचा घाट चढून पाचगणीपलीकडे गेले की भिलार लागते. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे. निर्मात्याने दिग्दर्शकाला आधी तिकडे धाडावे, चार दिवस वाचायला बसवावे आणि मग एकच विचारावे : या गोष्टीतले काय काढले तर ती मरेल? उत्तर आले नाही, तर करारावर सही करू नये.