फोन कष्टकऱ्यांचा, किल्ली मक्तेदारांची

स्मार्टफोनचे नवे अपडेट आले की भांडवलदारी वृत्तपत्रांची तंत्रज्ञानविषयक पाने एका सुरात कंपनीची आरती ओवाळू लागतात. जणू कंपनीने ग्राहकांना दानच केले! हे दान कोणत्या फोनला मिळणार नाही, याचा उल्लेख मात्र बातमीच्या तळाशी एखाद्या ओळीत असतो. त्या यादीतून वगळलेल्या फोनचे आणि त्यांच्या मालकांचे पुढे काय होते, हे विचारण्याची तसदी कुणी घेत नाही.

खेदाची गोष्ट अशी की आपल्यातीलही काही कार्यकर्ते हा प्रश्न मध्यमवर्गीय चैनीचा समजून झटकून टाकतात. गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि शहरांच्या दुरुस्तीबाजारांत मोबाइलवेड्या तरुणांची मंडळे आहेत. कंपनीने टाकून दिलेल्या फोनवर ही मुले नवी प्रणाली स्वतः बसवितात. आपल्या या मित्रांच्या लेखी ती सारी रिकामटेकडी. हे मत चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का, हे आधी महाविद्यालयात न पाहता अंगणवाडीत पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये सरकारने स्मार्टफोन दिले. त्यांची स्मृतिक्षमता २ जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आणले आणि त्याच फोनवर ते चालविण्याचा हुकूम सोडला. फोन तापू लागले, मध्येच बंद पडू लागले. हमीची दोन वर्षे संपली होती आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच माथी मारला जातो, अशी सेविकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. सरकारी भाषेत ज्यांना 'कर्मचारी' म्हणण्याचेही टाळले जाते, त्या मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांनी दिलेला हा लढा होता. एवढे होऊनही केंद्र सरकार काही शिकले नाही. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची करण्यात आली, म्हणजे त्याच प्रकारच्या फोनवर आणखी जड ओझे.

रोजगार हमीची कथा निराळी नाही. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या सर्व कामांवर मोबाइल ॲपद्वारे दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. झारखंड, बिहारपासून राजस्थानपर्यंतच्या मजुरांच्या वाट्याला तक्रारी एकाच प्रकारच्या आल्या. छायाचित्र चढले नाही, हजेरी लागली नाही, मजुरी बुडाली. घाम गाळला तो खरा की नाही, हे आता मुकादमाच्या हातातील यंत्र ठरवू लागले. ज्या यंत्रावर भाकरी अवलंबून आहे, त्या यंत्राचे आयुष्य कोण ठरवितो, हा प्रश्न मग चैनीचा कसा?

ते आयुष्य ठरविणाऱ्यांचे हात किती स्वच्छ आहेत, याचा पुरावा डिसेंबर २०१७ मध्ये जगासमोर आला. आयफोनची बॅटरी जुनी झाली की अपडेटमधून आलेला प्रोग्राम फोनचा वेग गुपचूप कमी करीत होता. कंपनीने ही गोष्ट आपण होऊन सांगितली नव्हती. एका वापरकर्त्याला बॅटरी बदलताच फोन पूर्ववत धावू लागल्याचे आढळले, हौशी मंडळींनी वेग मोजून आकडे मांडले आणि मगच कंपनीला तोंड उघडावे लागले. कंपनीचे म्हणणे असे की फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे. पण मग ते लपविले का? ७९ डॉलरची बॅटरी बदलून जो फोन आणखी दोन वर्षे चालला असता, त्याऐवजी शेकडो डॉलरचा नवा फोन घेणाऱ्याला ही माहिती कुणी दिली? इटलीच्या स्पर्धा नियंत्रकाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी आणि अशाच एका अपडेट प्रकरणात सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरो भरावे लागले. या कंपन्यांच्या नफ्यापुढे हे दंड म्हणजे चहापाणी.

१९२४ मध्ये जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी टोळी बांधली आणि दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले, हे प्रसिद्ध आहे. त्यांना निदान दिवा बनवितानाच तार कमजोर करावी लागे. आजच्या मक्तेदाराला तेवढीही घाई नाही. वस्तू विकून, पैसे खिशात टाकून, वर्षांनंतर ग्राहकाच्या घरात बसून तो तार कमजोर करू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल ४ए या फोनवर अपडेट पाठविले आणि त्यांतील अनेकांची बॅटरीक्षमता एका रात्रीत घटली. बॅटरी धोकादायक असेल तर ती बदलून देणे हे कंपनीचे कर्तव्य होते. परंतु अपडेट आपोआप बसले आणि मागे फिरण्याची वाटही बंद करण्यात आली. विक्रीनंतरही वस्तूवरचा ताबा न सोडणे, हे या धंद्याचे मर्म आहे.

या ताब्याला प्रत्यक्ष कृतीने आव्हान दिले ते हौशी मंडळांनी. अँड्रॉइडचा मोठा भाग खुला आहे आणि त्याच्या मुळाशी असलेला लिनक्सचा गाभा जगभरच्या प्रोग्रामरांच्या सहकार्यातून घडलेला आहे. त्याच्या परवान्यानुसार बदल केलेला गाभा विकणाऱ्याने त्याची मूळ संहिताही द्यावी लागते. या जोरावर २००९ पासून 'सायनोजेनमॉड' ही प्रणाली उभी राहिली. कंपनीने अपडेट बंद केलेले शेकडो प्रकारचे फोन तिने पुन्हा चालते केले. भारतातीलही कितीतरी तरुण त्यात राबले. कुणी एखाद्या स्वस्त फोनसाठी प्रणाली जुळवून दिली, कुणी मराठी, मल्याळम, बंगाली अक्षरे नीट दिसावीत म्हणून रात्री जागविल्या. दमडीही न घेता! 'हा फोन आता नव्या प्रणालीला पेलणार नाही' हा कंपन्यांचा दावा किती पोकळ आहे, हे कोणत्याही निबंधाने सिद्ध झाले नसते इतके या मुलांच्या कामाने सिद्ध केले.

पुढे जे घडले ते आपल्या अभ्यासवर्गांत शिकविण्यासारखे आहे. २०१३ मध्ये या सामूहिक श्रमाच्या डोक्यावर 'सायनोजेन इन्कॉर्पोरेटेड' ही कंपनी बसविण्यात आली. एका सहकाऱ्याने लिहिलेल्या कॅमेऱ्याच्या प्रोग्रामचा परवाना धंद्याच्या सोयीने बदलण्याची मागणी झाली. त्याने नकार दिला आणि त्याचे काम बाहेर पडले. मार्च २०१५ मध्ये कंपनीत ८ कोटी डॉलर ओतले गेले. पुढाकार आपल्याकडील प्रेमजी इन्व्हेस्टचा, पंगतीला क्वालकॉम आणि वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मरडॉक. त्याआधीच, २०१४ च्या अखेरीस, भारतातील हक्क एकट्या मायक्रोमॅक्सला विकून झाले होते. त्याच प्रणालीवर चालणारा वनप्लस कंपनीचा फोन डिसेंबर २०१४ मध्ये येथे विक्रीला येताच प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. विक्रीवर बंदी आली आणि काही दिवसांत उठलीही. पण जगभरच्या स्वयंसेवकांनी फुकट घडविलेल्या वस्तूवर एका देशातील एका कंपनीचा 'अनन्य हक्क' कोणत्या न्यायाने निर्माण झाला, हा प्रश्न कुणीही विचारला नाही. गायरानाला कुंपण घालून ते सावकाराला विकावे, यापेक्षा हे निराळे काय? नफा दिसेना तेव्हा भांडवल निघून गेले आणि ३१ डिसेंबर २०१६ ला कंपनीने सेवा बंद केल्या. कार्यकर्त्यांनी मात्र 'लिनिएजओएस' या नावाने तेच काम लगोलग पुढे चालू केले. कुंपण घालणारे गेले, कसणारे राहिले.

शाओमीने तर आपला पाया याच हौशी मंडळांवर घातला. ऑगस्ट २०१० मध्ये तिची प्रणाली आली ती शंभर उत्साही स्वयंसेवकांच्या चाचणीवर. कंपनीचा स्वतःचा फोन बाजारात येण्यापूर्वी. आज तिच्याच फोनचे कुलूप उघडायचे तर अर्ज, प्रतीक्षा आणि अटींची शर्यत पार करावी लागते. २०२५ मध्ये सॅमसंगने नव्या आवृत्तीतून कुलूप उघडण्याची सोयच काढून टाकली. कुलूप म्हणजे बूटलोडर, फोन सुरू होताना प्रथम जागा होणारा आणि कुणाची प्रणाली चालू द्यायची हे ठरविणारा प्रोग्राम. त्याची किल्ली कंपनीकडे असेल तर फोन विकत घेणारा हा केवळ भाडेकरू ठरतो. भाडेपट्टीविना घर सोडावे लागणारा भाडेकरू!

यावर मक्तेदारांचे उत्तर ठरलेले आहे: सुरक्षितता. या मुद्द्याची टर उडवून चालणार नाही. सुरक्षेची अपडेटे ही खरी गरज आहे. बँक खात्यांतून पैसे लुबाडणाऱ्यांचे भक्ष्य होतात ते स्वस्त, जुन्या फोनवाले गरीबच. म्हणूनच विचारावयाचे ते असे की सुरक्षा इतकी मोलाची, तर ती दोन-तीन वर्षांत बंद करणारे तुम्ही कोण? हौशी मंडळ त्याच जुन्या फोनला या महिन्याची सुरक्षा दुरुस्ती पुरविते, तेव्हा गुगलची तपासणी त्या फोनला अविश्वसनीय ठरविते आणि बँकांची ॲपे त्यावर चालण्यास नकार देतात. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला, वर्षानुवर्षे एकही दुरुस्ती न मिळालेला फोन मात्र तीच तपासणी पार करीत आला आहे. येथे फोन सुरक्षित आहे की नाही याची परीक्षा होत नसून तो आज्ञाधारक आहे की नाही याची होत आहे, हे कुणालाही कळेल.

राज्यसंस्थेची भूमिकाही पाहण्यासारखी आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्तीवर चालणारे फोन उत्पादकांनी बनवू नयेत म्हणून घातलेल्या करारबंधनांवरही आयोगाने बोट ठेवले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल आला, आणि त्याच्या निकषांत सॉफ्टवेअर अपडेटचाही समावेश आहे. परंतु निर्देशांक म्हणजे वस्तूवर चिकटविण्याचा गुणांक. त्याने कंपनीवर बंधन पडत नाही. युरोपात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी सुटे भाग सात वर्षे आणि अपडेटे विक्री थांबल्यावर पाच वर्षे मोफत देण्याचे म्हटले आहे. त्यातही 'अपडेटे पुरविल्यास' या शब्दांची पळवाट आहे. तरीही आपल्या राज्यकर्त्यांना तेवढेही सुचलेले नाही. उलट नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने 'संचार साथी' हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनवर आधीच बसविण्याचा आदेश काढला. जुन्या फोनवर ते अपडेटमधून घुसवावयाचे होते. देशभर ओरड झाल्यावर काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. अपडेटची वाट एकदा मालकाच्या संमतीविना उघडली की तिच्यातून केवळ कंपनीच चालत येते असे नाही, हे त्या आठवड्यात पुष्कळांना उमगले.

आता या हौशी मंडळांना चार शब्द सुनावणेही आवश्यक आहे. त्यांच्यातील कितीतरी जण आवडत्या कंपनीचे भाट होऊन बसतात. नव्या आवृत्तीची अपुरी चाचणी प्रत आधी आपल्याला मिळावी म्हणून धडपडतात आणि चुका शोधण्याचे पगारी काम कंपनीला फुकट करून देतात. आपला फोन सुटला म्हणजे प्रश्न सुटला, असा त्यांचा समज असतो. कारखान्यातील एका यंत्राचे कुलूप एका कुशल कामगाराला उघडता आले म्हणून कारखाना कामगारांचा होत नाही. मालक उद्या कुलूप बदलतो, आणि आज तो बदलीतच आहे. गुगलने २०२५ मध्ये अँड्रॉइडचे काम बंद दाराआड नेले आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे नोंदणी नसलेल्या प्रोग्रामरांची ॲपे प्रमाणित फोनांवर बसू न देण्याचा बेत जाहीर केला. एकेकट्याच्या चातुर्याला हे पेलणारे नाही. शालेय संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर आणण्याचे काम केरळात तडीस गेले, ते त्यामागे शिक्षकांची संघटना, चळवळ आणि राजकीय निर्णय होता म्हणून.

म्हणून आपल्या संघटनांनी ही मागणी हाती घेतली पाहिजे की कंपनीने अपडेट थांबविले त्या दिवशी किल्ली आणि चालकप्रणाली खुली करण्याचे तिच्यावर कायदेशीर बंधन असावे. सरकारने सक्तीने वापरावयास लावलेले कोणतेही ॲप खाजगी कंपनीच्या प्रमाणपत्रावाचून, जुन्या फोनवरही चाललेच पाहिजे. आणि ते चालले नाही म्हणून कुणाची हजेरी, मजुरी किंवा शिधा अडता कामा नये. लॅमिंग्टन रोड, नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट येथील दुरुस्ती कारागिरांची उपजीविकाही याच मागणीशी बांधलेली आहे. त्यांची संघटना बांधण्याचे काम तर जवळपास सुरूच झालेले नाही.

२०२१ मध्ये प्रकल्प कार्यालयांत परत आलेल्या त्या फोनांवर एखादी हलकी, ताजी प्रणाली बसविता आली असती काय, हे तपासून पाहण्याचे कुणाच्याही मनात आले नाही. सेविकांच्या संघटनेला असे करणारे तरुण आपल्याच जिल्ह्यात आहेत हे ठाऊक नव्हते, आणि त्या तरुणांना तो लढा ठाऊक नव्हता. फोनखरेदीची पुढची निविदा निघेल तेव्हा अटींचा मसुदा घेऊन मंत्रालयात जाणाऱ्या शिष्टमंडळात सेविकांबरोबर यांच्यापैकी एखादा असला, तर 'अपडेट किती वर्षे आणि किल्ली कुणाकडे' हा रकाना कोरा सोडणे अधिकाऱ्यांना सोपे जाणार नाही.