नियामकाचा हट्ट आणि रुग्णाचे हित

डॉक्टरच्या गंभीर चुकीमुळे रुग्ण दगावला, तर त्या डॉक्टरला जाब विचारला गेलाच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र तो जाब कोणी विचारायचा, शिक्षा किती द्यायची आणि मुख्य म्हणजे ती कशासाठी द्यायची, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. ब्रिटनमधील डॉ. हादिझा बावा-गार्बा यांच्या प्रकरणात हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी ऐरणीवर आले. तेथील वैद्यक व्यवसायाची नियामक संस्था, जनरल मेडिकल कौन्सिल, या प्रकरणात ज्या रीतीने वागली, त्यातून घेण्यासारखा धडा ब्रिटनपुरता मर्यादित नाही.

१८ फेब्रुवारी २०११ रोजी लेस्टर रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा उलट्या आणि जुलाबांच्या त्रासाने दाखल झाला. त्याला डाऊन सिंड्रोम आणि हृदयविकार होता. प्रत्यक्षात त्याला न्यूमोनिया झाला होता आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. हे वेळीच ओळखले गेले नाही. प्रतिजैविके देण्यास तासन् तास उशीर झाला आणि रात्री मुलाचा मृत्यू झाला. आणीबाणीच्या क्षणी डॉ. बावा-गार्बा यांनी त्याला दुसराच रुग्ण समजून काही काळ उपचार थांबविण्यास सांगितले होते. या चुका क्षुल्लक नव्हत्या, आणि मुलाच्या आई-वडिलांचा संताप पूर्णपणे समजण्यासारखा आहे.

परंतु त्या दिवसाचे चित्र एवढ्यावर पूर्ण होत नाही. डॉ. बावा-गार्बा वर्षभराहून अधिक काळाच्या प्रसूती रजेनंतर नुकत्याच कामावर परतल्या होत्या. गैरहजर सहकाऱ्याचे कामही त्यांच्यावर येऊन पडले होते. वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर दुपारपर्यंत दुसऱ्या शहरात शिकविण्यासाठी गेलेले होते. परतल्यावर तपासणीचे आकडे त्यांच्या कानावर घालण्यात आले, पण त्यांनी स्वतः मुलाला तपासले नाही. संगणक यंत्रणा कित्येक तास बंद असल्याने रक्ततपासणीचे अहवाल फोनवरून मिळवावे लागत होते. अनेक त्रुटी एकावर एक रचल्या गेल्या, आणि मृत्यूचे ओझे अखेर एक शिकाऊ डॉक्टर आणि एक परिचारिका यांच्या शिरावर आले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये नॉटिंगहॅमच्या न्यायालयातील ज्यूरीने डॉ. बावा-गार्बा यांना घोर निष्काळजीपणातून झालेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. त्यांना दोन वर्षांची, पण स्थगित ठेवलेली कारावासाची शिक्षा झाली. त्यानंतर प्रकरण वैद्यक न्यायाधिकरणापुढे आले. हे न्यायाधिकरण कौन्सिलचाच भाग असले तरी आरोप ठेवणारे आणि निवाडा करणारे वेगळे असावेत, म्हणून २०१२ मध्ये ते स्वतंत्रपणे चालविण्याची व्यवस्था झाली. रुग्णालयातील त्रुटी, घटनेपूर्वीची आणि नंतरची समाधानकारक सेवा आणि चुकांतून झालेली सुधारणा ध्यानात घेऊन न्यायाधिकरणाने जून २०१७ मध्ये १२ महिन्यांचे निलंबन पुरेसे ठरविले.

कौन्सिलला ते मान्य झाले नाही. आपल्याच न्यायाधिकरणाविरुद्ध ती उच्च न्यायालयात गेली आणि २५ जानेवारी २०१८ रोजी डॉ. बावा-गार्बा यांचे नाव नोंदवहीतून कायमचे काढून टाकण्याचा आदेश तिने मिळविला. व्यवसायावरील जनतेचा विश्वास टिकविणे हे कारण सांगण्यात आले. पण जनतेचा विश्वास म्हणजे जनक्षोभ नव्हे. सर्व पुरावा पाहिलेल्या न्यायाधिकरणाला जो डॉक्टर सुधारू शकतो असे वाटले, त्याला कायमचे घरी बसवून एकही रुग्ण अधिक सुरक्षित होत नाही.

उलट झाले ते अपायकारकच. देशोदेशीच्या डॉक्टरांनी ३ लाख पौंडांहून अधिक निधी अपिलासाठी उभा केला, ही रागाची बाजू झाली. भीतीची बाजू अधिक गंभीर होती. प्रशिक्षणार्थी डॉक्टर स्वतःच्या चुकांचे चिंतन लिहून ठेवतात. तेच आपल्याविरुद्ध वापरले जाईल, अशी धास्ती पसरली. या खटल्यात ते टिपण ज्यूरीपुढे नव्हते, असा खुलासा झाला, पण धास्ती कमी झाली नाही. चूक कबूल करण्यापेक्षा लपविणे शहाणपणाचे वाटू लागले, की पुढच्या रुग्णाला त्याच चुकीपासून वाचविणार कोण?

१३ ऑगस्ट २०१८ रोजी अपील न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश रद्द करून निलंबनाची शिक्षा पुन्हा कायम केली. ज्यूरीपुढचा प्रश्न गुन्हा घडला काय हा असतो, तर न्यायाधिकरणापुढचा प्रश्न पुढे जनतेचे संरक्षण कसे व्हावे हा असतो, हा भेद न्यायालयाने स्पष्ट केला. पुढे डॉ. बावा-गार्बा यांना टप्प्याटप्प्याने व्यवसायात परतता आले. त्यापूर्वी, जून २०१८ मध्येच, सर नॉर्मन विल्यम्स यांच्या सरकारनियुक्त समितीने कौन्सिलचा अपिलाचा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली होती. सरकारने ती स्वीकारली, मात्र आवश्यक कायदेबदल पुढे अनेक वर्षे रेंगाळला.

आणखी एक बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. खुद्द कौन्सिलने करवून घेतलेल्या २०१९ च्या अहवालानुसार, २०१२ ते २०१७ या काळात मालक संस्थांनी कौन्सिलकडे तक्रारीसाठी पाठविलेल्या डॉक्टरांचे प्रमाण गोऱ्यांमध्ये ०.५ टक्के, तर वांशिक अल्पसंख्याकांमध्ये १.१ टक्के होते. भारतात शिकून त्या देशाची आरोग्यसेवा सांभाळणाऱ्या हजारो डॉक्टरांना, त्यातील मराठी डॉक्टरांनाही, या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा घोर असला पाहिजे, हे तत्त्व घालून दिले. आपल्या वैद्यक परिषदांविषयी तक्रार बहुधा उलट, म्हणजे दिरंगाईची आणि सौम्यपणाची असते. तीही खोटी नाही. पण सौम्यपणावरचा उपाय कठोरपणाचे प्रदर्शन हा नव्हे. वेळेवर चौकशी, कारणांसह निर्णय आणि व्यक्तीबरोबरच व्यवस्थेलाही जाब, या तीन गोष्टी असतील तरच शिक्षा न्याय्य ठरते. एका डॉक्टरचे नाव खोडून रुग्णालयाचे दोष पुसले जात नाहीत; ते पुढच्या रुग्णाची वाट पाहत तिथेच राहतात.