चुकलेला भाव आणि चुकलेली नीति

आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं कुत्र्याच्या स्तुतीसाठीं रचिलेली नाहीं. परंतु अलीकडे सुशिक्षित मंडळींत एक असा व्यवहार रूढ होत चालला आहे कीं, त्यांत कुत्र्याची वाहवा आणि दळणाऱ्याची थट्टा होते. एखाद्या ऑनलाइन दुकानाकडून किंमत नोंदवितांना एखादें शून्य गळतें, दशांशचिन्ह सरकतें, आणि चाळीस हजारांचें यंत्र चार हजारांना किंवा चारशेंना दिसूं लागतें. ही वार्ता मोबाइलवरून घटकाभरांत शेंकडों घरीं पोंचते. “चूक दुरुस्त होण्याच्या आंत घ्या,” असा निरोप भावाकडून बहिणीला आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला जातो. ज्याला वस्तूची गरज आहे तो एक घेतो. ज्याला नाहीं तो चार घेतो. पुढें दुकानदारानें मागणी रद्द केली तर हेच लोक फसवणुकीची ओरड करितात, आणि माल पाठविला तर आपल्या चातुर्याची कथा चारचौघांत सांगतात. आमच्या मतें या कृत्याला चातुर्य हें नांव शोभत नाहीं. दुसऱ्याची चूक झाली आहे हें ठाऊक असतांना ती त्याला न सांगतां तिच्यावर आपला लाभ साधणें, म्हणजे त्याचें द्रव्य त्याच्या संमतीवांचून घेणें होय.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणानें मान्य केली पाहिजे. आजच्या बाजारांत खरा भाव कोणता हें कळणें सोपें राहिलेलें नाहीं. वेष्टनावर छापलेली कमाल किंमत खोडून तिच्याखालीं निम्मा किंवा त्याहूनहि कमी भाव दाखविण्याची चाल विक्रेत्यांनींच पाडली आहे. दसरा-दिवाळीच्या सवलतींत दोन हजारांची वस्तु नऊशेंना मिळाली, आणि मागाहून तो भाव नजरचुकीचा होता असें निघालें, तर त्या गिऱ्हाइकाला बोल लावण्याचें कारण नाहीं. त्यानें विश्वासानें घेतलें. अशा वेळीं विक्रेत्यानेंच आपला शब्द पाळावा. म्हणून प्रश्न भाव किती उतरला हा नसून घेणाऱ्याला काय ठाऊक होतें हा आहे. आणि त्याचा पुरावा बहुधा घेणाऱ्याच्याच वर्तनांत सांपडतो. ‘दुरुस्त होण्याच्या आंत’ असें जो म्हणतो, त्यानें चूक आहे हें त्याच वाक्यांत कबूल केलेलें असतें. खऱ्या सवलतीचा लाभ घेणारा दुकानदाराला खुशाल विचारूं शकतो कीं, हा भाव बरोबर आहे ना? चुकीचा लाभ घेणाऱ्याला तेवढें विचारण्याचें धैर्य होत नाहीं, कारण उत्तर काय येईल हें तो जाणून असतो.

न्यायालयांनींहि हीच कसोटी लाविली आहे. इंग्लंडांत १९३९ सालीं निकाल झालेल्या हार्टोग विरुद्ध कॉलिन अँड शील्ड्स या खटल्यांत रानसशांच्या कातड्यांचा सौदा होता. बोलणीं झालीं होतीं नगाच्या भावानें. परंतु विक्रेत्यांनीं अखेरचा देकार करितांना चुकून दर पौंडास भाव लिहिला. एका पौंडांत सुमारें तीन कातडीं बसत. ही चूक खरेदीदाराच्या ध्यानांत आल्यावांचून राहिली नसणार, म्हणून हा सौदा विक्रेत्यांवर बंधनकारक नाहीं, असा निर्णय झाला. पुढें जानेवारी २००३ मध्यें सिंगापूरच्या डिजिलँडमॉल या ऑनलाइन दुकानांत ३,८५४ डॉलरांचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरांना दिसूं लागला. सहा जणांनीं मिळून १,६०६ प्रिंटर मागविले. हे लोक अडाणी नव्हते. सुशिक्षित होते, आणि त्यांत एक वकीलहि होता. रातोरात एकमेकांस कळवून त्यांनीं मागण्या नोंदविल्या. चूक आहे हें आम्हांस समजलें नाहीं, हा त्यांचा बचाव २००४ सालीं उच्च न्यायालयानें आणि २००५ सालीं अपील न्यायालयानें अमान्य केला.

आपल्याकडील कायद्याचा आधार घेऊं पाहणारे कोणी १८७२ च्या करार कायद्याचें २२ वें कलम पुढें करितील. केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीविषयीं चूक झाली एवढ्यावरून करार रद्द करतां येत नाहीं, असें तें कलम सांगतें, हें खरें. परंतु त्यांतील ‘केवळ’ हा शब्द विसरतां कामा नये. आणि समजा, कायद्यानें अशा खरेदीला अभय दिलें, तरी त्यामुळें ती सज्जनाला शोभेशी झाली असें होत नाहीं. ज्या वर्तनाला शिक्षा नाहीं तें सर्व वर्तन चांगलें, असें आपण आपल्या मुलांना कधीं शिकविलें आहे काय?

याहून अधिक ऐकूं येणारा आक्षेप असा कीं, या कंपन्या कोट्यवधींचा धंदा करितात, त्या आपणांस नाना मार्गांनीं लुबाडतात. त्यांचें चार पैशांचें नुकसान झालें तर काय बिघडलें? याला दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, नुकसान कोणाचें होतें हें या मंडळींनीं कधीं पाहिलेलें नसतें. १२ डिसेंबर २०१४ रोजीं ब्रिटनमध्यें, भाव आपोआप बदलणाऱ्या एका संगणक-प्रणालींत बिघाड होऊन, ॲमेझॉनवरील अनेक विक्रेत्यांचा माल सुमारें तासभर एकेका पेनीला विकला गेला. बहुतेक मागण्या रद्द झाल्या, तरी कांहीं माल रवाना झालाच. आणि ज्यांचा माल गेला त्यांत घरच्या माणसांच्या बळावर धंदा चालविणारे लहान विक्रेते होते. भारतांतहि परकीय भांडवलाच्या अशा कंपन्यांना स्वतःचा माल विकण्याची मुभा नाहीं. त्या केवळ बाजारपेठ चालवितात. विकणारा एखादा सुरतेचा कापडवाला किंवा पुण्याचा पुस्तकविक्रेता असूं शकतो. दुसरें उत्तर असें कीं, नुकसान खरोखर धनिकाचेंच झालें, तरी मालक श्रीमंत आहे एवढ्यानें त्याची वस्तु आपली होत नाहीं. कंपनीनें लुबाडलें असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तक्रारीचा मार्ग मोकळा आहे. तो कंटाळवाणा आहे म्हणून हपापाचा माल गपापा करण्याचा अधिकार प्राप्त होत नाहीं.

आतां हाच प्रसंग उलटा करून पाहावा. यूपीआयवरून पैसे पाठवितांना एका गृहिणीच्या हातून एक शून्य अधिक पडतें आणि वाण्याला पांचशेंऐवजीं पांच हजार जातात. वाणी म्हणाला, “बाई, आंकडा तुम्हींच टाकलात, मीं कोठें मागितला?” तर तिच्या घरचीं माणसें त्याला काय म्हणतील? त्याला लबाड म्हणतील आणि पैसे परत मागतील. करार कायद्याचें ७२ वें कलमहि चुकीनें दिलेले पैसे परत करण्यास सांगतेंच. परंतु त्याच घरांत रात्रीं चारशेंच्या यंत्राचा निरोप येऊन पोंचला, तर तोच युक्तिवाद गोड लागतो. घ्यावयाचें माप एक आणि द्यावयाचें माप एक ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची आपण निंदा करितों. येथें तींच दोन मापें आपल्या दिवाणखान्यांत येऊन बसलीं आहेत.

सिसरो या रोमन ग्रंथकारानें इसवी सनापूर्वीं ४४ सालीं लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत स्कीव्होला नांवाच्या गृहस्थाची हकीकत दिली आहे. एक शेत विकत घेतांना त्यानें विक्रेत्याला एकच किंमत सांगावयास लाविली, आणि ती ऐकल्यावर, माझ्या मतें शेताचें मोल याहून अधिक आहे, असें म्हणून एक लाख सेस्टर्स जास्त दिले. तो सज्जन होता हें सर्व मान्य करितात, परंतु शहाणा होता हें मान्य करीत नाहींत, अशी सिसरोची तक्रार आहे. सज्जनपणा आणि शहाणपणा यांची ही फारकत आपल्या घरांत आज पुन्हा होत आहे, हीच आमचीहि तक्रार.

स्कीव्होलाइतकी उदारता आम्ही कोणाजवळ मागत नाहीं. वाटाघाटींत आपलें हित पाहावें, सवलत शोधावी, स्वस्त मिळेल तेथें घ्यावें. यांत अनीति नाहीं. भाव अशक्य वाटला तर विक्रेत्याला एक ओळ लिहून विचारावें, एवढीच अपेक्षा आहे. त्यानें बरोबर आहे म्हटलें तर समाधानानें घ्यावें. चूक आहे म्हटलें तर वस्तु सोडून द्यावी. सरकारी कचेरींतल्या लांचेबद्दल आणि पुढाऱ्यांच्या लोभाबद्दल आपला वर्ग रोज बोलतो, आणि तें बोलणें यथार्थहि असतें. परंतु सांपडलें तें आपलें, ही वृत्ति कचेरींत जन्माला येत नाहीं. ती अशा घरांतून जाते, जेथें वडील मंडळी अशी खरेदी मिटक्या मारीत सांगतात आणि मुलें जवळ बसून ऐकत असतात.